तोमोएच्या हातचा गिअरबॉक्स

तोमोए हिराबायाशीच्या गॅरेजवर अजून नवऱ्याच्याच नावाची पाटी होती. कात्सुनोरी तिला सोडून माएबाशीला गेला, तिथे त्याने काचेच्या दर्शनी भिंतीचं गॅरेज थाटलं, त्याला सहा वर्षं झाली होती. त्याआधी बावीस वर्षं शिबुकावात दोघांनी मिळून धंदा केला. गाडी पळवायचा तो, मासिकांत फोटो त्याचे. गिअरबॉक्स उघडायची ती.

मार्चमधल्या एका सकाळी, डोंगरावरचा कोरडा वारा पत्रे वाजवत असताना, कात्सुनोरी स्वतः ट्रेलरवर एक छोटी लाल गाडी घेऊन आला.

"नवं डिफरेन्शियल बसवलंय," तो म्हणाला. "काही दिवस बरं चाललं. आता आतून घोंगावल्यासारखा आवाज येतोय. रविवारी स्पर्धा आहे."

"कुणी बसवलं?"

"मीच."

"मग तुम्हीच काढा."

"टोमणे नंतर मार. गाडी निशिझावाची आहे. पोस्टात नोकरी करतो, वर्षभर या रविवारची वाट बघतोय. त्याचं काय चुकलं?"

त्या निशिझावाला तोमोएने कधी पाहिलंही नव्हतं, पण तिला नाही म्हणवेना.

"कुणी विचारलं, तर काम कुणी केलं ते खरं सांगायचं," ती म्हणाली.

"सांगेन की. त्यात काय एवढं?"

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळणावर जोरात घातली की आतलं चाक हलकं होऊन नुसतं गरगरतं आणि इंजिनाचा जोर फुकट जातो. हे डिफरेन्शियल आतल्या चकत्या एकमेकींवर दाबून तो जोर दुसऱ्या चाकाकडे वळवतं. पण ते बसवायचं म्हणजे अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवून फोडावा लागतो.

तोमोएने तेल काढलं. त्यात चांदीच्या भुकटीसारखा चुरा चमकत होता. बॉक्स उघडला तर बेअरिंग तापून निळं पडलेलं.

"बेअरिंगमागची फट मोजली नाहीत? ती भरायला जुनीच रिंग घातलीत?"

"बसली होती ती व्यवस्थित."

"हातोडा मारला की सगळंच बसतं."

तो फोनवर बोलत बाहेर गेला. तिने प्रत्येक भाग धुतला, नवी बेअरिंगं दाबून बसवली, फट मोजली. पहिली रिंग जाड निघाली, दुसरी पातळ. तिसरी घातल्यावर तिने बॉक्सचा दांडा हाताने फिरवून पाहिला. तो सगळीकडे सारखाच जड फिरला, हवा तसा. गेल्या सहा वर्षांत तिने असं काम केलं नव्हतं. शेतकऱ्यांच्या छोट्या ट्रकांची तपासणी, ब्रेक, टायर, एवढंच. जेवायचं राहिलंय हे तिला दुपार टळल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवशी गाडी जोडून झाल्यावर नव्या चकत्या रुळाव्यात म्हणून ती बंद पडलेल्या कोन्याकू कंदांच्या गोदामाच्या अंगणात सावकाश इंग्रजी आठाचे फेरे मारत राहिली. सुरुवातीला चकत्या कडकड वाजत होत्या, मग नरमल्या. तेल बदलून तिने किल्ली कात्सुनोरीच्या हातात दिली.

रविवारी ती स्पर्धेला गेली. निशिझावा मैदानात मांडलेल्या शंकूंमधून गाडी घेऊन असा काही फिरला की एकही शंकू हलला नाही. पहिला आला. गाडीभोवती घोळका जमला. मधोमध कात्सुनोरी उभा.

"फट मोजल्याशिवाय मी बॉक्स बंदच करत नाही," तो सांगत होता. "लोक जुनीच रिंग घालतात आणि मग बेअरिंग जाळतात."

तेवढ्यात त्याला तोमोए दिसली.

"या हिराबायाशीबाई," तो म्हणाला. "पूर्वी आमच्याकडे कामाला होत्या."

निशिझावाने आदराने वाकून नमस्कार केला. "बाई, तुम्हालाही यातलं कळतं का हो? पुढचं तेल कधी बदलू?"

तिला उत्तर ठाऊक होतं. त्या तेलात उतरलेल्या चुऱ्याचा रंग कसा असेल, तेही ठाऊक होतं.

"यांनाच विचारा," ती म्हणाली आणि आपल्या गाडीकडे चालू लागली.

त्यानंतर कात्सुनोरीने आणखी दोन गिअरबॉक्स पाठवले. दोन्ही तिने न उघडता परत धाडले. तिसरा आलाच नाही. दुसऱ्या कुणी तसं काम तिच्याकडे कशाला आणावं? ते तिला येतं, हे कुणाला माहीतच नव्हतं. ती ट्रकांची तपासणी करत राहिली. कधीकधी फट मोजायच्या मोजपट्टीला तेल लावायची आणि पुन्हा डबीत ठेवून द्यायची.