नव्याण्णव मीटरपर्यंत पहिला

मी मालवणात आलो तेव्हा आठवी अर्ध्यात टाकलेली होती आणि पोहता येत नव्हतं. आमचं गाव लातूरच्या बाजूला. तिथून कोल्हापूर, घाट उतरून वैभववाडी, मग मालवण. एस.टी.त इतक्या उलट्या झाल्या की पुढं कित्येक वर्षं परत जायचा नुसता विचार आला तरी आधी पोटात कालवायचं. बहुतेक त्यामुळंच राहिलो.

काम बर्फाच्या कारखान्यात. लाद्या फोडायच्या आणि होड्यांवर जाणाऱ्या टपांत भरायच्या. कारखान्याचे शेठ गावच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्ष होते. मैदानाच्या कडेला त्यांच्याच जागेत मंडळाची एक खोली होती, तिच्यात कप, रोलर आणि चुन्याची पोती. तिथं त्यांनी मला झोपायला दिलं. बदल्यात संध्याकाळी मैदानावर पाणी मारायचं आणि चुन्याच्या रेषा ओढायच्या. आयुष्यात पहिल्यांदा मला कुलपाची किल्ली मिळाली होती. ती मी करगोट्याला बांधून ठेवायचो आणि झोपेतही चाचपून बघायचो.

त्याच सुमाराला गावात पर्यटक यायला लागले. ज्याच्याकडं रिकामी पडवी होती त्यानं तिला खोली म्हणायला सुरुवात केली. शेठ एकदोनदा खोलीच्या दारात उभे राहून वर बघत, ‘पंखो बसात हय’ असं पुटपुटले. मला पंखा नको होता. आणि पंखा माझ्यासाठी बसणार नव्हता हेही मला कळत होतं.

तेवढ्यात कुडाळचे एक सर आले. शाळेत खेळ शिकवायचे. मासळी घ्यायला आले होते, बर्फ घालून द्या म्हणाले. शेठनी बोलता बोलता मंडळाचे कप मोजून दाखवले. सर म्हणाले, "कबड्डी ठीक आहे हो. पण धावण्याच्या ट्रॅकवर तुमची मुलं टिकायची नाहीत. प्रत्येक खेळाचं शरीर वेगळं असतं."

शेठना हे लागलं.

"धावणा म्हणजे काय ओ सर? समोर सात जाण पकडूक नाय, तंगडी ओढूक नाय. निसती अर्धी कबड्डी ती! जावचा फक्त, परत येवक पण नको!"

कुडाळला खुल्या मैदानी स्पर्धा होणार होत्या, सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्या संघाला ढाल. शेठनी बर्फाच्या फळीवर हात आपटून मंडळाची नावं दिली. आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "ढाल इली तर खोली मंडळाची. नाय इली तर मे म्हयन्यापासून पर्यटकांका. मंडळाक खोली कशाक व्हयी, झोपा काढूक?"

झोपा मीच काढत होतो. कुणी माझ्याकडं पाहिलं नाही, पण मला ते ऐकू आलं.

पुढचा महिनाभर मंडळानं कसून तयारी केली, म्हणजे रोज संध्याकाळी बसून कोणत्या शर्यतीत किती सहज जिंकू यावर चर्चा केली. शंभर मीटरला शेठचा भाचा, आमचा सर्वांत चपळ चढाईपटू. थाळीफेकीला पाग टाकणारा एक धिप्पाड मच्छीमार. पाग म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून गोल फेकायचं जाळं. त्याला थाळी दाखवली तेव्हा त्यानं ती उलटीपालटी करून विचारलं, "हेका भोका खंय आसत?"

"रे, मासे नाय पकडूचे, लांब टाकूची."

"मगे सोपा आसा."

सोपंच होतं त्याला. स्पर्धेच्या दिवशी त्यानं अंग पिरगाळून थाळी अशी सोडली की खुणा करणारा पोरगा मागं मागं पळत कुंपणाला टेकला. लोक आ करून बघत राहिले. आणि हा गडी, पाग टाकल्यावर माणूस जसा पाण्यात शिरतो, तसा शांतपणे थाळीच्या मागं चालत निघाला. वर्तुळातून पुढच्या बाजूनं बाहेर पडलं की फेक बाद. पंचानं समजावलं. दुसऱ्यांदा फेकली आणखी लांब, आणि पुन्हा निघाला. तिसऱ्यांदा दोघांनी मागून शर्ट धरला, तर शर्टासकट निघाला.

"अरे खंय चललंस?" शेठ ओरडले.

"ओढूक नको काय?" तो म्हणाला.

तरीही गोळाफेक, उंच उडी असं करत करत मंडळाचे गुण जमले. शेवटी सगळं शंभर मीटरवर आलं. भाचा पहिला आला तर ढाल आमची.

इथं माझी चूक सांगितली पाहिजे. रेषा मारायला माणूस कमी होता म्हणून शेठनी मलाच चुन्याच्या डब्यासकट पुढं केलं होतं. ट्रॅकची रेषा बारीक असते हे मला कुठं माहीत? मी आमच्या कबड्डीच्या मधल्या रेषेसारखी, जिला हात लागला की चढाईपटू वाचतो तशी, चांगली जाड, पांढरीफटक रेषा ओढली. वरून आणखी एक हात मारला. लांबून दिसावी म्हणून. शेवटच्या टोकाला बांधायचा लोकरीचा दोरा आधीच्या शर्यतीतला विजेता गळ्यात घालून घेऊन गेला होता, तेव्हा उरली ती फक्त माझी रेषा.

शिट्टी झाली आणि भाचा सुटला. तोंडानं ‘कबड्डी कबड्डी’ चालूच. एका दमात. बाकीचे सात जण माझ्या डोळ्यांसमोर मागं पडले. मी डबा छातीशी धरून उभा होतो आणि मे महिना, पंखा, पर्यटक सगळं विसरलो. असं धावताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. सरांनीही पाहिलं नसावं, कारण ते टाळ्या वाजवत होते.

भाचा रेषेपाशी आला. वाकला. डाव्या हाताची बोटं रेषेला लावली आणि गर्रकन वळून उलटा पळत सुटला.

चार पावलं गेल्यावर त्याला कळलं. तोवर बाकीचे सातही जण त्याच्या दोन्ही बाजूंनी पार झाले होते. एकानं तर पकडायला आल्यासारखा धक्काही दिला.

मग गोंधळ. एका पंचाचं लक्ष घड्याळात होतं, दुसऱ्याच्या डोळ्यांत माझा चुना उडाला होता. शेठ आखाड्यात उतरावं तसे ट्रॅकवर आले. "पयलो आमचो! पयलो हात आमचो!" शेवटी मुख्य पंच माझ्याकडं वळले. "रेषेवर तूच उभा होतास. काय पाहिलंस?"

माझ्या मागं शेठ उभे होते. त्यांचा श्वास मानेवर लागत होता. ज्यांनी छप्पर दिलं, ताप आला तेव्हा घरची पेज पाठवली, त्यांच्यासाठी एक वाक्य बोलायचं होतं: छाती पार गेली होती. इतकंच. आठवी नापाससुद्धा न झालेल्या माणसाला कोण उलट तपासणार? पण पंचांच्या हातात कागद होता, आणि कागद दिसला की माझी जीभ सरळ होते. भीतीनं.

"हात लागला, सर," मी म्हणालो. "तीन बोटं. छाती अलीकडं होती. पायही."

डोळे मिटून घेतले. मनात गाठोडं बांधायला घेतलं.

आणि मागून आरोळी उठली. "आयकलात? हात लागलो! आमच्या पोरान सांगल्यान!" कुणीतरी मला उचललं. डब्यातला चुना सगळ्यांच्या डोक्यावर.

"अहो, छाती पार जावी लागते," पंच कळवळून म्हणाले.

"छाती कशाक व्हयी?" शेठ म्हणाले. "हात लागलो मा!"

ढाल दुसऱ्याच संघाला गेली. परतीच्या टेम्पोत भाचा माझ्या शेजारी बसला होता. बाकीचे गात होते. धामापूरच्या वळणावर तो हळूच म्हणाला, "रेष दिसली की पाय फिरतत रे माझे. मी काय करू?" मी म्हणालो, "रेष मी जाड मारली." त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसला. "गप रव. तेंका सांगा नको."

मी सांगितलं नाही. खोलीचं विचारायचं धाडसही झालं नाही. मे उजाडला तेव्हा किल्ली हातात घेऊन शेठसमोर उभा राहिलो.

"ही कशाक?"

"ढाल नाही आली, शेठ."

"नाय इली म्हणजे? चोरल्यानी ती! जिंकललो आमीच. तूच सांगलंस मा पंचाक?" त्यांनी किल्ली परत माझ्या हातात कोंबली.

त्यानंतर मंडळाच्या प्रत्येक वार्षिक कार्यक्रमात मला उभं करायचे. मी दर वर्षी तेच सांगायचो: हात लागला, छाती अलीकडं होती. शब्द कधी बदलला नाही. टाळ्या दर वर्षी पडायच्या. मी मात्र कुडाळचे सर गावात दिसले की मागच्या गल्लीनं जायचो.

एकदा पुण्याचं एक कुटुंब खोली बघायला आलं. समुद्र जवळ, मैदान समोर, त्यांना फार आवडली. बाई म्हणाल्या, पैसे जास्त देऊ.

शेठनी मान हलवली. म्हणाले, "नाही हो, देता येणार नाही. तिथे आमचा साक्षीदार राहतो."