पश्चिमेची भिंत

टॅमसिन एक्सिटर शहरात कापडाच्या दुकानावरच्या माडीत वाढलेली मुलगी. वॉल्टर येओशी लग्न करून ती डेव्हनमधल्या त्याच्या शेतघरात आली आणि पहिल्याच रात्री भिंतीपलीकडून गाईंचं रवंथ ऐकत जागी राहिली. एकच लांबलचक शाकारलेलं छप्पर. चढाच्या अंगाला माणसं, उताराच्या अंगाला गोठा, मधून आरपार बोळ. भिंती माती आणि काड तुडवून रचलेल्या, चांगल्या दोन हात जाड.

येओंच्या प्रत्येक पिढीनं त्या घराला हात लावला होता. मुळात धुराडंच नव्हतं. धूर छपरातून झिरपून जायचा. आढ्याखालचा सगळ्यात जुना पेंढा अजून काजळीनं काळाकुट्ट होता. कुणा खापरपणजोबानं धुराडं बांधलं, आजोबानं तुळया टाकून माळा घातला, वॉल्टरच्या बापानं पश्चिमेला एक खोली वाढवली, तीही मातीचीच. नवं जोडपं त्या खोलीत राहू लागलं.

सासूबाईंना, म्हणजे प्रूडन्सबाईंना, बदल म्हणून चालत नसे. लोखंडी शेगडी आणायची म्हटलं, नको. अंगणात पंप? "नको. विहीर काय आटलीय?" टॅमसिननं पडदे शिवले तर म्हातारी म्हणाली, "खिडकीला परकर कशाला नेसवलास गं?"

वॉल्टर बायकोकडे बघून डोळा मिचकावायचा. "आईला स्वर्गात नेलं ना, तर तिथलं दारही ती जुन्या जागी बसवून घेईल."

एल्सी त्या पश्चिमेच्या खोलीतच जन्मली. समुद्राकडून येणारा पाऊस भिंतीवर सपासप बसे. चुन्याचे पोपडे सुटत, कोपऱ्यात हिरवट बुरशी धरे, आणि पाळणा तिथंच. दुसऱ्या हिवाळ्यात पोरीची छाती भरली. डॉक्टर आला, त्यानं भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "या ओलीत लेकराला निजवता?" त्यानंतर एल्सीनं आठवडाही काढला नाही. तिला गावातल्या चॅपेलच्या, छोट्या प्रार्थनाघराच्या, मागं पुरलं.

टॅमसिन रोज त्या भिंतीवरची बुरशी खरवडत राहिली. मग एका दुपारी नवऱ्यासमोर उभी राहिली.

"मला ही भिंत कोरडी हवी. नाहीतर मी एक्सिटरला जाते."

"करतो कोरडी," वॉल्टर म्हणाला. "तू जाऊ नकोस."

त्यानं गाडीभर सिमेंट आणलं. शेजारच्या शेतावरच्या रूबेनला हाताशी घेऊन पश्चिमेची भिंत आणि पुढची दर्शनी बाजू, दोन्हींना कडक गिलावा चढवला. म्हातारी दारात उभी राहून म्हणाली, "मातीला सिमेंट फासू नका रे. आत शिरलेलं पाणी बाहेर कुठून पडणार?"

"आई, तू शेगडीलाही नको म्हणत होतीस. आता पाय तिच्यावरच शेकतेस ना?"

रूबेन हसला. टॅमसिनही, एल्सी गेल्यानंतर पहिल्यांदाच.

आणि खोली खरंच कोरडी झाली. बुरशी गेली. पाळणा मात्र पुन्हा हलला नाही.

मग लढाई आली. शाकारणारे फौजेत गेले, चांगलं काड मिळेना. वळचण कुजली, पावसाचं पाणी गिलाव्याच्या मागं उतरू लागलं. बाहेरून भिंत गुळगुळीत, पांढरीशुभ्र. कुणाला काय दिसणार!

फेब्रुवारीतल्या संततधारेत, सगळी जेवायला बसली असताना कुणीतरी भरलेलं पोतं ओढावं तसा आवाज आला. वॉल्टरनं जाऊन पाहिलं. पश्चिमेच्या भिंतीला वळचणीपासून खालपर्यंत तडा गेला होता. तो गोठ्यातून एक जाड खांब घेऊन आला.

"आईला घेऊन बोळात जा," तो टॅमसिनला म्हणाला.

"तूही चल! पडू दे ती खोली!"

"तुळई सुटली तर अख्खं घर खाली येईल. जा म्हणतो ना!"

खांब तुळईखाली बसवून तो टाचेनं ठोकत होता. तेवढ्यात भिंत बुडाशी पोट सुटल्यासारखी फुगली आणि बसली. वरून माळा आला, त्यावर छपराचं अख्खं पाखं. रूबेननं आणि आसपासच्या माणसांनी हातांनी उपसलं. भिंतीच्या आतली माती गुरांनी तुडवलेल्या डबक्याच्या काठासारखी झाली होती. वॉल्टर त्या चिखलात तोंड खाली करून सापडला.

रूबेननं तुटलेली बाजू फळ्या आणि पत्रे ठोकून बंद केली. आत दोघी बायका उरल्या. म्हातारी काही बोलेना. ती कधी बोलते याची टॅमसिन वाट पाहत राहिली. ताट वाढताना, चहा ओतताना. शेवटी टॅमसिनच फुटली.

"म्हणा ना एकदा! मी सांगितलं होतं, असं म्हणा आणि मोकळ्या व्हा!"

प्रूडन्सबाईंनी विणकाम खाली ठेवलं. "मी सगळ्यालाच नको म्हणायचे, पोरी. पंपाला नको, पडद्याला नको. त्यातलंच हे एक. माझं तोंड एवढं चाललं नसतं, तर त्या दिवशी त्यानं ऐकलं असतं." मग सुया पुन्हा हातात घेत म्हणाली, "तू तुझ्या लेकरासाठी मागितलंस. मी तर नुसतीच सवयीनं बोलत होते."

दुसऱ्या दिवशी टॅमसिननं कुदळ घेतली आणि दर्शनी भिंतीचं सिमेंट फोडायला लागली. हाताला फोड आले, फुटले, तरी थांबली नाही. म्हातारी वाकून तुकडे ओच्यात गोळा करी आणि फाटकातल्या चिखलात नेऊन टाकी. आठवडे गेले. मागची माती उघडी पडली, ओलीकंच, आणि उन्हाळ्यात हळूहळू सुकली. त्यावर दोघींनी मिळून चुना मारला.

म्हातारी एका मोठ्या हिमाच्या हिवाळ्यात गेली, टॅमसिनचा हात धरून. टॅमसिननं गाई विकल्या आणि गावात सरकारनं बांधलेल्या विटांच्या घरात राहायला गेली.

शेतघर ब्रिस्टलच्या एका जोडप्यानं घेतलं. गोठ्याची बैठक केली, पश्चिमेला काचेची बसायची खोली उभारली. त्यांनी तिला एकदा चहाला बोलावलं. काचेतून ऊन मांडीवर पडत होतं.

"इथं आधी काय होतं हो, मिसेस येओ?" घरच्या बाईनं विचारलं.

"खोली होती."

"कसली?"

"झोपायची."

"आता किती उजेड आहे ना!"

"आहे," टॅमसिन म्हणाली. तिनं चहा संपवला, केक छान झालाय म्हणून सांगितलं, आणि टेकडीवरून चालत घरी आली. पुन्हा कधी तिकडे गेली नाही. पुढं किती तरी वर्षं ती जगली. शेवटी चॅपेलच्या मागं, वॉल्टर आणि एल्सीच्या मधे जी जागा राखली होती, तिथं तिला ठेवलं.