आत्याचा ताप उतरला का?

वाचून झालेली कादंबरी परत दिली, की बिरूमामा ती उघडूनही न बघता विचारायचे, "समदी घरला आली का गं?"

समदी म्हणजे कादंबरीतली माणसं. सांगलीला विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मामा मदतनीस होते, कंत्राटावर. जतकडच्या मेंढपाळ घरातले, शिक्षण दहावीपर्यंत. लहानपणी दिवस मावळताना मेंढरं मोजून कुंपणात घ्यायचं काम त्यांच्याकडे असायचं. कादंबरीही ते तशीच वाचत. पहिल्या पानापासून कोण कोण आत आलं ते ध्यानात ठेवायचे आणि शेवटी लेखकाने प्रत्येकाचं काय केलं ते बघायचे. कादंबरीत कुणी मेलं तर त्यांची तक्रार नसे. हरवलेलं माणूस मात्र त्यांना सहन होत नसे. "मेलं तर डोळ्यांनी दिसलं तरी. हरवलं की जिवाला घोर. लेखकाला तेवढं भ्या पायजे आपल्या मानसांचं."

मी माण तालुक्यातली. म्हसवडच्या पुढे आमचं गाव. आमच्या घरात पाठ्यपुस्तक सोडून दुसरं पुस्तक नव्हतं, आणि कॉलेजात पाऊल ठेवणारी मी पहिलीच. वर्गात सगळ्यांना मतं असायची. मला मत आहे की नाही, हेच कळत नसे. कुणी काही विचारलं की तळहाताला घाम यायचा. मामांसमोर तेवढा येत नसे.

पहिल्या वर्षाची उन्हाळी सुट्टी लागली. सुट्टीत विद्यार्थ्यांना पुस्तकं द्यायची नाहीत, असा नियम होता. दोन महिने घरी वाचायला काही नाही म्हणून मी रडवेली झाले होते. मामांनी इकडे तिकडे बघितलं आणि पाच कादंबऱ्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. नोंद केली नाही.

"कॉलेज उघडायच्या आत आण. आन दर ऐतवारी फोन कर. कशी वाटली ते सांगायचं. फुकट न्हाई देत."

गावात पाण्याच्या टाकीच्या चढावर गेलं तरच मोबाइलला रेंज यायची. पहिल्या रविवारी तिथे उभी राहून मी म्हणाले, "मामा, आवडली."

"आवडली म्हंजी? जेवान हाय व्हय ते? काय आवडलं ते बोल."

ती थंड हवेच्या ठिकाणी घडणारी प्रेमकथा होती. मला रडू आलं होतं. मामांचं मत वेगळं होतं. "त्यो गडी चार दिस डोंगरावर जाऊन बसला. घरी दोन म्हशी हायत, लेखकच सांगतोय. धारा कुनी काढल्या गं?" मला राग आला होता. पण कॉलेज सुरू झाल्यावर तीच कादंबरी चाळली, तेव्हा मलाही म्हशीच दिसायला लागल्या.

भुताच्या कादंबरीला ते नुसते हसले. एका मास्तराच्या घराची कादंबरी होती; तिच्यात काहीच घडत नाही, असं मी चाचरत म्हणाले. मामा म्हणाले, "मास्तर मारत न्हाई, शिव्या देत न्हाई. तरी बायकू भांडं हळूच ठेवती. वाचलंस का ते? मला लय भ्या वाटलं." ते पान मी पुन्हा काढून वाचलं. मलाही भीती वाटली. आपण वाचलेलं आपल्याला दिसलंच नव्हतं, याचीही वाटली.

शेवटची कादंबरी एका गिरणीमालकाच्या कुटुंबाची होती. त्यात एक विधवा आत्या पत्र्याची ट्रंक घेऊन भावाकडे राहायला येते. चौथ्या प्रकरणात तिला ताप भरतो. पुढे अडीचशे पानांत तिचं नाव नाही.

"आत्याचा ताप उतरला का न्हाई?" फोनवर मामांचा आवाज चढला होता. "घरात लगीन झालं, वाटण्या झाल्या. म्हातारी कुठं हाय? लेखक इसरला, म्हनून घरातल्यांनी बी इसरायचं?"

जूनमध्ये मी पाचही पुस्तकं परत दिली. तेव्हा कळलं, की मे महिन्यात ग्रंथालयात पुस्तकांची तपासणी झाली होती आणि नेमकी ती पाच सापडली नव्हती. मामांनी कुठेतरी मागे पडली असतील म्हणून वेळ मारून नेली होती. ग्रंथपाल मॅडमचा विश्वास बसला नव्हता.

पंधरवड्याने मराठी विभागाने 'सुट्टीतले वाचन' असा कार्यक्रम ठेवला; सगळ्यांत चांगलं बोलणाऱ्याला बक्षीस होतं. माझं नाव मराठीच्या सरांनी परस्पर घातलं. मी गिरणीमालकाची कादंबरी निवडली. स्वतःचं असं काही सुचेना, म्हणून मामा बोलले होते तेच प्रमाण भाषेत बोलले. आत्या, तिची ट्रंक, तिचा ताप. आधी मुलं हसली, मग शांत झाली, मग टाळ्या पडल्या. मामा दाराशी पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांच्याकडे बघायचं मी टाळलं.

सर उठून उभे राहिले. "इतकं स्वतंत्र निरीक्षण मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नाही. पण ही कादंबरी बाजारात मिळत नाही. सुट्टीत तुला कुठे मिळाली?"

पुढच्या रांगेत मॅडमनी मान वर केली.

खरं सांगितलं तर मामांचं काय होईल, ते मॅडमच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी म्हणाले, "घरी होती, सर. बाबांची आहे."

"वा! मग सोमवारी घेऊन ये. आपली प्रत पार जीर्ण झालीय. झेरॉक्स काढून ठेवू."

कार्यक्रम संपल्यावर मामा रिकामे ग्लास गोळा करत होते. "बाबांची कादंबरी!" त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "आता गं? माझं कंत्राट ह्या म्हैन्याच्या शेवटाला संपतंय. नवं करायचं का न्हाई, ते मॅडमच्या हातात हाय."

सोमवारी मी वर्गात गेलेच नाही. मंगळवारीही नाही. वसतिगृहाच्या खोलीत पडून राहिले. जिन्यात पाऊल वाजलं, की वाटायचं मॅडमनी बोलावणं धाडलं. बाबा रस्त्याच्या कामावर खडी टाकतात, त्यांनाच कुणी फोन करून विचारलं तर? त्यांना तर कादंबरी हा शब्दही माहीत नव्हता. गुरुवारी मी बॅग भरली. शिक्षण झेपत नाही, असं घरी सांगायचं ठरवलं.

दुपारी फाटकावरच्या बाईंनी हाक मारली. बाहेर उन्हात मामा उभे होते.

"उद्यापासनं वर्गात जा. सरास्नी सांगितलं म्या."

"काय सांगितलं?"

"पुस्तकं म्या दिली म्हनून. आन पोरीला खोटं बोलाया बी म्याच लावलं म्हनून."

"आवं मामा, मी कुठं... आणि तुमची नोकरी?"

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "चार दिस तू दिसली न्हाईस," ते म्हणाले. "मला भ्या वाटलं."

मी बॅग रिकामी केली. मामांचं कंत्राट पुढे झालं नाही. महिनाअखेरीला ते जतच्या गाडीत बसले, तेव्हा मी तास चुकवून स्टँडवर गेले होते. "तास का बुडवलास?" म्हणून गाडी सुटेपर्यंत मला बोलत होते.

सर मला एका शब्दाने रागावले नाहीत. बक्षीसही मलाच मिळालं. पुढची दोन वर्षं ते प्रत्येक नव्या वर्गाला आत्याच्या तापाची गोष्ट माझ्या नावासह सांगत. मामांनी सगळा दोष स्वतःवर घेतला होता, पण ते मत कुणाचं होतं एवढं मात्र ते बोलले नव्हते. मीही बोलले नाही. आधी कॉलेज सुटेल म्हणून घाबरले, मग बक्षीस जाईल म्हणून. आज मी फलटणला शाळेत मराठी शिकवते. नोकरीसाठी सरांनी दिलेल्या शिफारसपत्रात 'स्वतंत्र निरीक्षणशक्ती' असे शब्द आहेत. ते पत्र मी दुसऱ्यांदा वाचलेलं नाही.

मामा आता पुतण्याची मेंढरं बघतात. मी पोस्टाने कादंबऱ्या पाठवते. मागच्या दिवाळीत धीर करून फोनवर विचारलं, "मामा, मत तुमचं होतं हे सरांना का नाही सांगितलंत?"

"त्येंनी इचारलं न्हाई," मामा म्हणाले. "आन सांगितलं असतं, तर तुझ्यापाशी काय ऱ्हायलं असतं गं तवा?"

त्या दिवशी माझ्यापाशी खरंच दुसरं काही नव्हतं. आज थोडंफार आहे. सर या मासिकाचे वर्गणीदार आहेत. अंक आला की ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, हे मला माहीत आहे. म्हणून हे इथेच लिहिलं. वाचून ते काय म्हणतील, याची मला फार भीती वाटते.