निपाणीला कुणाच्या लेकीला बोलवायचं?

मंडळी, आजचा दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

निपाणीजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलचा मी व्यवस्थापक. आमचे फिजिशियन सोडून गेल्यापासून त्यांची जागा रिकामीच आहे. डॉक्टरांची सरकारी नोंदणी वेबसाइटवर कुणालाही बघता येते. त्यात आपल्या भागातले पत्ते शोधायचे आणि जाऊन भेटायचं, हेच माझं काम झालंय.

आज वडगावात एका विणकराच्या घरी गेलो. यादीतल्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं, तसा अण्णांनी माग बंद केला.

"व्हय, माझीच लेक ती. बंगळूरला असतीया."

मी म्हटलं, "अण्णा, आठवड्यातनं एक दिवस आली तरी चालेल. आज सकाळीच छातीत दुखणाऱ्या एका आजींना बेळगावला पाठवावं लागलं. वाटेतच गेल्या."

अण्णा म्हणाले, "लई वाईट झालं. पर मीच तिला सांगितलंय, हिकडं येऊ नको. पेशंट दगावला की लोक डॉक्टरच्याच अंगावर जात्यात. एकटी पोर काय करंल?"

निघताना त्यांनी विचारलं, "साहेब, तुमची पोरगी डॉक्टर झाली, तर हितं ठेवशीला?"

माझी मुलगी पुण्यात एमबीबीएस करतेय. तिनं इकडे यावं असं, खरं सांगतो, मलाही वाटत नाही. मी तशीच स्कूटर सुरू केली.

उद्या पुन्हा पत्ते शोधायला बसायचंय. पण दुसऱ्याच्या लेकीला कुठल्या तोंडानं बोलावू? तुम्ही बोलावलं असतं?