कच्च्या चिठ्ठीची तार

निबंधाला विषय द्यावा तर आमच्या आईच्या मामांनीच, बाकीच्यांनी उगाच पोरांना कागद काळे करायला लावू नये, असं त्या काळी अख्ख्या पाली गावाचं मत होतं. स्वतः मामाआजोबांनी जन्मात एकही निबंध लिहिला नव्हता, ही गोष्ट निराळी. “सुइणीला स्वतःचं मूल असावंच लागतं असं कुठंय?” असं मामीआजी म्हणायची. मामाआजोबांची उभी हयात रत्नागिरीच्या तारऑफिसात लोकांच्या तारा पाठवण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर ते पालीला, आमच्या घराच्या वरच्या अंगाला, आपल्या चार हापूसच्या कलमांशेजारी येऊन राहिले आणि तिथून पुढे गावातल्या एकाही पोराला त्यांनी सुखानं गाईडातला निबंध उतरवू दिला नाही. ऐंशीनंतरची चार-दोन वर्षं असतील ती. मी सातवीत होते.

रविवारी सकाळी त्यांच्या पडवीत आम्ही पोरं वह्या घेऊन बसायचो. मामाआजोबा बाकावर, मांडीवर सुपारीचा डबा आणि हातात अडकित्ता. वही वाचता वाचता नको असलेला शब्द आला की अडकित्ता वाजायचा. “‘निसर्गरम्य’ काढ.” कट्. “‘आल्हाददायक’ कशाला हवंय? काढ.” कट्. प्रत्येक शब्दाला पदरचे पैसे पडतायत असं समजून लिहायचं, हा त्यांचा दंडक. तारेत कोणी खोटं लिहीत नाही, कारण खोटं बोलायला शब्द फार लागतात, असं त्यांचं ठाम मत होतं. एकदा आमच्या शेजारच्या वशानं सहलीवर निबंध आणला. त्यात थंड हवेचं ठिकाण होतं, धुकं होतं, घोडेस्वारी होती आणि शेवटी सूर्याचा तांबडा गोळा डोंगराआड गेला होता. मामाआजोबांनी शांतपणे विचारलं, “वशा, ह्या आपल्या हातखंब्याच्या पुढे तरी गेलायस का रे कधी?” वशा म्हणाला, “नाय.” “मग घोड्यावर कोण बसलं होतं? गाईड छापणारा?” आणि असा काही अडकित्ता चालवला की सबंध निबंधातून ‘आम्ही डबे खाल्ले’ एवढंच शिल्लक राहिलं. त्यावर त्यांनी शेरा मारला, ‘इथपर्यंत खरे. डब्यात काय होते?’ वशानं पुढच्या रविवारी डब्यातल्या शिळ्या घावनावर दोन पानं लिहून आणली आणि वर्गात त्याला पहिल्यांदाच टाळ्या मिळाल्या.

पण त्यांची खरी करामत विषय पिकवण्याची. विषय सुचला की लगेच लिहायला बसणं त्यांना अजिबात खपत नसे. “झाडावरनं काढलास की लगेच आंबा कापतोस का रे मेल्या?” असं ते विचारायचे. मग कागदाचा चिटोरा द्यायचे. त्यावर त्या विषयातलं एक खरं वाक्य लिहायचं, एकच. ते कोणाला दाखवायचं नाही, खुद्द मामाआजोबांनाही नाही. चिठ्ठीची घडी घालायची, दोऱ्यानं बांधायची आणि ती ते माळ्यावर आंबे पिकत घातलेल्या आढीत, पेंढ्याखाली, स्वतःच्या हातानं ठेवायचे. आठ दिवसांनी चिठ्ठी उघडायची. वाक्य वाचून अजून पोटात कालवलं तर विषय पिकला, नाहीतर नासला, टाकून द्यायचा. आंब्याचा हंगाम नसला की चिठ्ठ्या तांदळाच्या डब्यात जायच्या. एकदा मामीआजीच्या भातात कोणाचा तरी ‘माझा आवडता प्राणी’ शिजला होता, तेव्हा तिनं जो तोंडाचा पट्टा सोडला तो खालच्या आमच्या घरात ऐकू येत होता. आढीला मात्र मामाआजोबांशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा नियम होता. “माझ्या पेंढ्यातनं आजवर टाचणी हरवली नाही,” हे वाक्य मी शंभरदा तरी ऐकलं असेल.

त्या मे महिन्यात आमच्या वाचनालयानं मुलांची निबंध स्पर्धा ठेवली. विषय ज्याचा त्यानं निवडायचा होता. मामाआजोबांनी मला चिटोरा दिला आणि मी कोपऱ्यात जाऊन बसले. माझे बाबा मुंबईला एका कंपनीत होते. परळला गाववाल्यांच्या खोलीत राहायचे आणि वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला, घरी यायचे. मी लिहिलं, ‘बाबा घरी आले की मला पाहुणे आल्यासारखं वाटतं आणि ते परत गेले की हायसं वाटतं.’ लिहिलं आणि माझेच कान तापले. घाईघाईनं घडी घातली, दोरा तिहेरी गुंडाळला आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वजन करावं तशी तळहातावर धरली आणि म्हणाले, “जड आहे हो बाय ही.”

आठ दिवसांनी मी गेले तर माळ्यावर मामाआजोबा पेंढ्यात गुडघ्यापर्यंत उभे. टोपीवर, मिशीवर सगळीकडे काड्या. सगळी आढी उलटीपालटी केलेली. माझी चिठ्ठी नव्हती. मग हळूहळू उलगडा झाला. आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच माझ्या बाबांसाठी आढीतले पिकत आलेले आंबे काढून पेटी भरली होती, खाली-वर आढीतलाच पेंढा घातला होता आणि ती पेटी राजापूरहून येणाऱ्या मुंबईच्या एस्टीच्या टपावर चढवून दिली होती. पेंढ्याबरोबर चिठ्ठीही गेली होती. जगातल्या सगळ्या माणसांत ज्या एका माणसानं ती वाचायची नाही, बरोब्बर त्याच्याच पत्त्यावर! मी तिथल्या तिथे भोकाड पसरलं. मामाआजोबांनी “काय लिहिलं होतंस?” असं विचारलं नाही. मीच हुंदके देत सांगितलं. ते पेंढ्यातच खाली बसले. मग माझ्यासारख्या बारा वर्षांच्या पोरीपुढे त्या एवढ्या मोठ्या माणसानं हात जोडले आणि म्हणाले, “चुकलो गो बाय.” मला रडायचंसुद्धा सुचेना.

पण हातपाय गाळून बसणारे ते नव्हते. तडक उठले, छत्री घेतली आणि पोस्टात जाऊन बाबांना तार ठोकली, ‘पेटीतली चिठ्ठी वाचू नये. कच्ची आहे.’ एकही शब्द जास्त नाही, एकही खोटा नाही. आता चाळीस वर्षं तारा पाठवलेल्या या गृहस्थांनी तार घेणाऱ्याचं तोंड काही कधी पाहिलेलं नव्हतं. गावाहून तार आली म्हणजे कोणीतरी गेलं, एवढंच परळच्या खोलीला ठाऊक होतं. तार हातात पडल्यावर बाबा म्हणे तसेच भिंतीला टेकून बसले. दोघे गाववाले रजा टाकून आले, एकानं चूल विझवली. शेवटी कोणीतरी धीर करून तार उघडली आणि मग सगळी खोली त्या चिठ्ठीच्या मागे लागली. पेंढा तर केव्हाच जिन्याखाली टाकून दिला होता. तो काडी काडी करून उपसला आणि चिठ्ठी सापडली. तार गेली नसती तर ती झाडूवाल्याबरोबर कायमची गेली असती! ही सगळी कथा जून महिन्यात गावी आलेल्या एका गाववाल्यानं आमच्या ओटीवर बसून रंगवून सांगितली. चिठ्ठीत काय होतं ते मात्र बाबांनी कोणाला वाचू दिलं नव्हतं. आईला नेहमीचं कार्ड आलं, ‘तार मिळाली. आंबे गोड होते.’ बस्स. माझ्याबद्दल अवाक्षर नाही.

स्पर्धेची तारीख निघून गेली, मी काहीच लिहिलं नाही. माझ्या मनात एकच धास्ती होती, आता बाबा गणपतीला येणारच नाहीत. मामाआजोबांनाही तीच धास्ती असावी. त्यांनी आमच्या घरी येणं सोडलं, रविवारची पडवी बंद केली. पोरं परत गाईडाला लागली. मामीआजी म्हणायची, “दिवसभर अडकित्ता हातात घेऊन बसतात, सुपारी मात्र कातरत नाहीत.”

गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी बाबा आले. ट्रंक खाली ठेवली, चपला काढून हातात घेतल्या आणि उंबऱ्याशी तसेच उभे राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं की ते दर वेळी असेच उभे राहायचे. मग त्यांनी खिशातून माझी चिठ्ठी काढून मला दिली. माझ्या वाक्याखाली त्यांच्या वळणदार अक्षरात एक वाक्य होतं, ‘मलाही दोन दिवस समजत नाही, आपल्या घरात चपला कुठे काढाव्या.’ मी त्यांच्या हातातल्या चपला घेतल्या आणि माझ्या चपलांशेजारी ठेवल्या. इतकं रडू आलं म्हणून सांगू! त्या वेळी बाबा गेल्यावर मला हायसं वाटलं नाही. पुढेही कधी वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी बाबा मला घेऊन वरच्या घरी गेले. मामाआजोबा बाकावरून उठून उभे राहिले, भाचजावयापुढे अपराध्यासारखे. बाबांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “मामा, तुमची तार जपून ठेवलीय मी.” मी चिठ्ठी पुढे केली. मामाआजोबांनी चष्मा लावून दोन्ही वाक्यं वाचली, परत वाचली. हातातला अडकित्ता उघडला आणि तसाच मिटून डब्यात ठेवला. “ह्यात काढण्यासारखं काही नाही,” एवढंच म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत बसले.

आता मामाआजोबा नाहीत, बाबाही नाहीत. तारही बंद झाली. तो निबंध मी तेव्हा लिहिला नाही तो नाहीच; आज इतक्या वर्षांनी लिहायला बसले तर हा एवढा लांबला. निम्मे शब्द नको होते, मला कळतंय. मामाआजोबा असते तर एकेक करून काढायला लावले असते. हे सगळं लिहिताना मी अधूनमधून थांबून कान देत होते, पण कुठे काही वाजलं नाही.