माठाखालची वाळू

ती घटना आठवली की मला आधी ठाण्यातला पाण्याचा माठ आठवतो. त्या गुन्ह्याच्या तपासासाठी मला प्रशस्तिपत्र मिळालं होतं. त्यातला मजकूर पूर्ण खरा नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, आता हे लिहून ठेवलं पाहिजे.

मी तेव्हा लातूर जिल्ह्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. एका सकाळी औसा रस्त्यावर वाळूच्या टिपरने एका शिक्षकांच्या सायकलला धडक दिली. शिक्षक जागीच गेले. टिपर थांबला नाही, पण त्याचा मागचा फाळका उघडून बरीच वाळू सांडली होती. पंचनामा झाला. सायकल आणि शिक्षकांची कापडी पिशवी सील करून मुद्देमालात जमा केली. वाळूबद्दल मी एकच ओळ लिहिली: 'घटनास्थळी नदीची वाळू सांडलेली दिसून आली.' रस्ता मोकळा करताना आमच्या शिपायाने ती पोत्यात भरून आणली आणि ठाण्यातल्या माठाखाली पसरली. उन्हाळा होता, माठ गार राहायला हवा होता. कोणालाच त्यात चूक वाटली नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी खबऱ्याने मुरुडच्या एका टिपरचालकाचं नाव दिलं. त्याच्या गाडीचा पुढचा दिवा फुटला होता आणि त्या सकाळी तो त्याच रस्त्याने गेला होता. आधी तो गवंडीकाम करायचा, म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणत. मी त्याला उचलून आणलं.

"दिवा कधी फुटला?"

"पंधरा दिस झाले साहेब. म्हशीनं शिंग मारलं."

जमादार हसले. "म्हशीला साक्षीला आणतो का मिस्त्री?"

"आणतो की. पर ती तुमच्याम्होरं तोंड उघडंल का, ते सांगता येत न्हाई."

सगळे हसले. मला मात्र हा आपली थट्टा करतोय असं वाटलं. मी त्याच्या डाव्या कानाखाली जोरात मारली. एकदाच, पण तेवढी पुरली.

अटक दाखवली, पोलीस कोठडी मिळाली. दोन दिवस तो तेच सांगत राहिला. खोटं बोलणारा दर वेळी गोष्टीत काहीतरी भर घालतो, हे मला नोकरीत पुढे कळलं. मिस्त्रीची म्हैस रोज तशीच होती, तिला साधा रंगही आला नव्हता. पण तेव्हा मला कबुलीजबाब हवा होता.

तिसऱ्या दिवशी त्याने पाणी मागितलं. शिपायाने त्याला माठापाशी बसवून तांब्या दिला. पाणी पिता पिता, गवंड्याच्या सवयीने, त्याची बोटं ओल्या वाळूत गेली. चिमूटभर वाळू तळव्यावर चोळून त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली.

"साहेब, ही रेती कुठली?"

"तुझ्याच गाडीतली. रस्त्यावर सांडलेली."

"मग ती गाडी माझी न्हाईच. मी गाडी भरतो त्या नदीघाटाची रेती काळी असती. ही बघा, लाल हाय, चमकतीया. ही मांजरा नदीच्या खालच्या अंगाची, देगलूर-बिलोलीकडची. हिचा गिलावा मी लई केलाय."

"सुटायला काहीही बोलशील."

"तर दुसऱ्या कुनाला दाखवा. हात तुमचा हाय, कान माझा हाय. रेती तर कुनाच्याच बाजूची न्हाई ना?"

माठाखालच्या त्या वाळूला ना सील होतं, ना पंच. न्यायालयात तिला कोणी विचारलं नसतं. पण शिक्षकांच्या सीलबंद पिशवीतही धडकेच्या वेळी सांडलेली मूठभर वाळू होती. ती आणि दोन्हीकडच्या घाटांचे नमुने घेऊन, रीतसर पत्र देऊन मी नांदेडला भूशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे गेलो.

त्यांनी भिंगाखाली पाहून पिशवीतली वाळू खालच्या घाटाची असल्याचं सांगितलं. "लातूरकडे सगळा काळा पाषाण, तिथल्या वाळूत त्याचाच चुरा. खाली नदी ग्रॅनाइटवरून जाते. हे गुलाबी कण तिथलेच. तुमचा माणूस खरं बोलतोय."

त्यांचं मूळ काम याच जातीचं, फक्त फार मोठं होतं. खोऱ्यात साचलेल्या थरांतले कण पाहून ते कोणत्या डोंगरातून आले, तो डोंगर कधी उठला, कसा झिजला, हे ते शोधत. म्हणाले, "डोंगर माथ्याकडून झिजतो. म्हणून माथ्याचा दगड खोऱ्यात सगळ्यात तळाला जाऊन बसतो. डोंगराच्या पोटात होतं ते सगळ्यात शेवटी येतं आणि वर पसरतं."

पुढचं काम सोपं होतं. औशाच्या बाजूला लाल वाळू पडलेली बांधकामं मोजकीच होती. तिथून खालच्या भागातला एक टिपर सापडला. फाळक्याची कडी तुटलेली, बंपरला सायकलचा हिरवा रंग. त्या चालकाने कबुली दिली. न्यायालयात अहवाल देऊन मिस्त्रीला सोडलं.

केस डायरीत मात्र मी लिहिलं: 'वाळूतील फरक तपासी अधिकाऱ्याच्या लक्षात आला.' प्रशस्तिपत्र त्या वाक्यावर मिळालं.

गेल्या वर्षी मी मुरुडला गेलो. मिस्त्री आता म्हातारा झालाय. त्याने मान वळवून उजवा कान पुढे केला. "ह्या अंगानं बोला साहेब. डावा बंद हाय."

मी सगळं सांगितलं, माफी मागितली. त्याने डाव्या कानावरून हात फिरवला. मग म्हणाला, "कानाचं वाईट वाटतं. न्हाई कसं म्हणू? पर तुम्ही नांदेडला गेलाव. गेला नसता तर मी आतच ऱ्हायलो असतो." आणि सुनेला पाणी आणायला सांगितलं.

तो मला श्रेय देत होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. एका निरपराध माणसाला मी तुरुंगात पाठवणार होतो. त्यातून त्याने स्वतःला वाचवलं आणि मलाही. त्याचे आणि प्राध्यापकांचे उपकार मी तोवर कुठेच कबूल केले नव्हते. पोटातलं शेवटी वर येतं, हे मला या वयात पटलं.

निघताना म्हणालो, "हे सगळं लिहून काढतो."

"लिहा. पर म्हशीचंबी लिहा."

तर लिहितो: दिवा म्हशीनेच फोडला होता.