मोहदरी घाटात उलटी चढलेली मोटार

गाडी बंद पडली ती घाटाच्या पहिल्याच वळणावर, आणि नेमकी तिथे, जिथे अर्धा रस्ता मीच खोदून ठेवला होता.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी बांधकाम खात्यात ज्युनिअर इंजिनिअर होतो. नाशिक-पुणे रस्त्याचा सिन्नरच्या बाजूचा तुकडा माझ्याकडे होता. त्यात मोहदरी घाट येतो. तो काही मोठा घाट नाही. कसारा पाहिलेली माणसं त्याला नुसता चढ म्हणतात. पण त्या दिवसांत तिथे नवीन डांबर टाकायचं काम चालू होतं. अशा वेळी अर्धा रस्ता बंद ठेवतात आणि उरलेल्या अर्ध्यावरून एकदा खालची वाहनं सोडतात, एकदा वरची. दोन्ही टोकांना लाल आणि हिरवी झेंडी घेऊन एकेक माणूस उभा असतो. सोपी पद्धत आहे. मधेच कुणी अडकलं नाही तर.

त्या रविवारी दोन गोष्टी एकत्र आल्या. नाशिकच्या काही हौशी मंडळींनी जुन्या मोटारींची रॅली काढली होती, नाशिक ते सिन्नर. आणि दुपारी पुण्याकडून एक मंत्री त्याच रस्त्यानं नाशिकला यायचे होते. आमचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर देवस्थळीसाहेब मला आदल्या दिवशी म्हणाले, “गांगुर्डे, आधी रॅली वर जाऊ दे. मग घाट मोकळा. मंत्र्यांची गाडी थांबता कामा नये.”

“आणि थांबली तर, सर?”

“सुरगाण्याला एक जागा रिकामी आहे.”

जिल्ह्याच्या पार टोकाला असलेल्या सुरगाण्याशी माझं वैर नव्हतं. पण माझी बायको नाशकातल्या शाळेत शिकवायची आणि आम्हाला नुकतीच मुलगी झाली होती.

रॅलीतल्या सगळ्या गाड्या धूर सोडत वर गेल्या. शेवटची राहिली ती मखमलाबादच्या मुरलीनानांची. नाना फुलशेतीवाले. गुलाब आणि शेवंती. देवळालीच्या कॅम्पातून एक लष्करी अधिकारी बदलून गेला, तेव्हा त्याच्याकडून नानांच्या वडिलांनी ही अमेरिकन मोटार विकत घेतली होती. उंच चाकांची, कापडी टपाची, स्टिअरिंग डाव्या हाताला. वडिलांनी तिची मागची सीट काढून फुलांच्या पाट्या ठेवायला जागा केली आणि बरीच वर्षं ती फुलबाजारात नेली. गाडीबरोबर अमेरिकन मासिकांचा एक गठ्ठा आला होता. नानांनी शाळेतल्या इंग्रजीच्या जोरावर तो सगळा वाचून काढला. त्यामुळे अमेरिकेत मोटारी नव्या होत्या तेव्हाच्या शर्यती नानांना पाठ होत्या. त्यानंतर तिथे काय झालं, याची त्यांना फारशी माहिती नव्हती आणि गरजही वाटत नव्हती.

मी पोचलो तेव्हा नाना स्टिअरिंगवर ताठ बसले होते. मानेला डॉक्टरांचा जाड पट्टा. मान वळत नव्हती, म्हणून ते नुसते डोळे फिरवून माझ्याकडे बघत होते. शेजारी त्यांची बायको, सगुणाकाकू. डोक्यावर पदर, मांडीवर जेवणाचा डबा.

“काय झालं, नाना?”

“कायी नाय, रावसाहेब. गाडी चांगली हाय. तुमचा रस्ता उभा हाय.”

मग त्यांनी समजावलं ते असं. या गाडीला पेट्रोलचा पंप नाही. टाकी पुढच्या सीटखाली. गच्चीवरच्या टाकीतून नळाला पाणी येतं, तसं पेट्रोल आपल्या वजनानं उतरत इंजिनाकडे जातं. टाकी अर्धी रिकामी असताना गाडीनं चढावर नाक वर केलं की इंजिन राहतं वर आणि पेट्रोल राहतं खाली. गाडी उपाशी मरते.

“मग टाकी भरू या,” मी म्हणालो.

“भरा की. तुमच्या जीपमधलं द्या.”

माझी जीप डिझेलची होती. जवळचा पंप मागे राहिला होता. आणि नानांच्या गाडीमागे आता एक एसटी आणि लासलगावचे कांद्याचे तीन ट्रक उभे होते. ते हॉर्न वाजवत नव्हते, याचीच मला जास्त धास्ती वाटली. ड्रायव्हर खाली उतरून गाडी बघायला येत होते.

“याला औषध एकच,” नाना म्हणाले. “उलटं जायचं. अमेरिकेत सगळे असंच चढायचे. ढुंगण वर केलं का टाकी वर, इंजिन खाली. शिवाय रिव्हर्सला हिचा जोर लय.”

मी इंजिनिअर. मनातल्या मनात चित्र काढून पाहिलं. बरोबर होतं.

एसटी आणि ट्रक थोडे मागे घ्यायला लावले. गाडी ढकलत वळणावरच्या रुंद जागेत आणली आणि तिचं तोंड नाशिककडे केलं. एवढ्यात खालच्या टोकाला बंदोबस्ताला असलेले हवालदार बोडके वर आले.

“गाडी उलटी हायवेवर चालत नसते,” ते म्हणाले. “कायद्यात बसत नाय.”

“बोडके, आमचा रोडरोलर कसा चालतो?”

“पुढं जातो, मागं येतो.”

“हायवेवरच ना?”

“तो रस्त्याच्या कामाचा हाय.”

“मग ही पण आता रस्त्याच्या कामाचीच.” मी माझ्या माणसाला ‘रस्त्याचे काम चालू आहे’ असे दोन बोर्ड आणायला सांगितलं. एक गाडीच्या पुढे बांधला, एक मागे. बोडक्यांनी दोन्ही बोर्ड वाचले, टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, “बोर्ड हाय म्हणल्यावर माझं कायी नाय.”

आता प्रश्न उरला मानेचा. उलटं जायचं तर मागे बघावं लागतं, आणि नानांना तर शेजारीसुद्धा बघता येत नव्हतं.

“काकू सांगतील की,” मी म्हणालो.

“मी नाय बसायची उलटी,” काकू म्हणाल्या. “मला एसटीत पण मळमळतं. मी पायी येते.” आणि त्या डबा घेऊन उतरल्यासुद्धा.

नानांनी डोळे माझ्याकडे वळवले. “रावसाहेब, त्या काळात शर्यतीच्या गाडीत दोन माणसं असायची. एक चालवायचा. दुसरा मेकॅनिक, त्यानं शेजारी बसून मागचं सांगायचं, तेल मारायचं, टायर बघायचा. एका गड्यानं मेकॅनिकच्या ऐवजी आरसा लावला, तर बाकीचे भांडायला उठले. म्हणले, नियमात नाय.”

“मग तुम्ही आरसा लावा.”

“उलटं जाताना आरशात कसं बघू? चढा वर.”

मी सीटवर गुडघे टेकून, तोंड मागे करून बसलो. टपाच्या कापडाला धरलं. दुसऱ्या हातात लाल झेंडी. गाडी निघाली. तिला साधारण माणसाच्या चालीइतका वेग होता आणि आवाज पिठाच्या गिरणीचा.

पहिल्याच मिनिटाला मी “डावीकडे घ्या” म्हणालो आणि गाडी खोदलेल्या भागाकडे सरकली. माझं डावं ते नानांचं उजवं. दोघं पाठीला पाठ लावून बसलेली माणसं डाव्या-उजव्यावर एकमत करू शकत नाहीत, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. शेवटी नानांनीच तोडगा काढला. “डोंगर म्हणा, नायतर दरी म्हणा. ते दोघांचं एकच हाय.”

त्यानंतर आम्ही “थोडं डोंगराकडे,” “आता दरीकडे,” “पुरे, दरी पुरे,” असं करत चढलो. मधल्या काळात नाना मोठ्यानं बोलत होते. अमेरिकेतल्या एका शर्यतीच्या रस्त्यावर आधी खडी आणि डांबर टाकलं होतं. शर्यत सुरू झाली आणि ते सगळं उखडून ड्रायव्हरांच्या तोंडावर उडालं. मग त्यांनी पूर्ण रस्ता विटांनी बांधून काढला.

“विटांनी?” मी मान न वळवता विचारलं.

“विटांनी. तुमच्या खात्याचाच माणूस असंल पयला,” नाना म्हणाले.

कडेच्या पायवाटेनं काकू चालत होत्या. त्या आमच्या पुढे गेल्या. एसटी आणि कांद्याचे ट्रक आमच्या मागे, म्हणजे गाडीच्या तोंडासमोर, सावकाश येत होते आणि पहिल्या ट्रकचा क्लीनर टपावर बसून सगळं बघत होता. मला वाटलं, आता जमलं. शेवटचं वळण राहिलं होतं.

आणि वरून सायरन ऐकू आला.

मंत्री लवकर आले होते. वरच्या टोकाला माझा जो माणूस उभा होता, त्याला मंत्र्याला लाल झेंडी दाखवायची की नाही हे मी सांगितलं नव्हतं. त्यानं दोन्ही झेंड्या खाली ठेवल्या आणि नमस्कार केला. पोलिसांची जीप, मंत्र्यांची गाडी आणि पाठोपाठ देवस्थळीसाहेबांची जीप, सगळे त्या अर्ध्या रस्त्यावर उतरले.

आता त्यांच्या जागेवरून बघा. पुढे एक जुनी मोटार, तिची पाठ त्यांच्याकडे, तोंड नाशिककडे. म्हणजे त्यांच्याच दिशेनं चाललेली, फक्त हळू. पोलिसांच्या ड्रायव्हरनं रीतीप्रमाणे हॉर्न वाजवला. म्हणजे, जरा लवकर चला. मोटार लांब जाण्याऐवजी जवळ आली. त्यानं जोरात हॉर्न वाजवला. मोटार आणखी जवळ आली. आणि तिच्यात गुडघ्यावर बसलेला एक माणूस त्यांच्याकडे तोंड करून लाल झेंडी हलवत ओरडत होता, “दरी, दरी, दरी.”

त्यानं ब्रेक दाबला. सगळे थांबले. नानांनीही थांबवली. त्यांना काहीच दिसत नव्हतं, पण मी बोलायचा थांबलो होतो, त्यावरून त्यांनी ओळखलं.

“कोण आलं?” त्यांनी विचारलं.

“मंत्री.”

“मग नमस्कार करा. माझी मान वळत नाय.”

मी गुडघ्यावरच नमस्कार केला. माझ्या डोळ्यांपुढे सुरगाण्याचं ऑफिस उभं राहिलं. देवस्थळीसाहेब जीपमधून उतरून धावत येत होते आणि त्यांचा चेहरा डांबरासारखा झाला होता. पण त्यांच्या आधी मंत्रीच उतरले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. पुढचा बोर्ड वाचला, मागचा वाचला.

“हे कसलं काम चालू आहे?”

देवस्थळीसाहेब म्हणाले, “सर, हा आमचा ज्युनिअर इंजिनिअर.” त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मला सगळं खरं सांगण्यापलीकडे काही येत नव्हतं. मी खाली उतरलो आणि टाकी, इंजिन, चढ, पेट्रोल, सगळं समजावलं. उजव्या हाताची टाकी केली, डाव्या मुठीचं इंजिन केलं आणि चढावर दोन्ही कसे वरखाली होतात ते दाखवलं. इतकं चांगलं मी कॉलेजच्या तोंडी परीक्षेतही सांगितलं नव्हतं. मंत्री लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी ते हसले.

“म्हणजे गाडीत दोष नाही.”

“अजिबात नाय,” नाना समोर बघत म्हणाले.

“चढ जास्त आहे म्हणून उलटं जावं लागतं.”

“हो, सर,” मी म्हणालो.

मंत्र्यांनी आपल्या गाड्या मागे घ्यायला सांगितल्या. सायरनवाली जीप, मंत्र्यांची गाडी आणि देवस्थळीसाहेब, तिघेही रिव्हर्समध्ये घाट चढले. आम्ही त्यांच्या मागोमाग, आम्हीही रिव्हर्समध्येच. खालून ट्रकवाले टाळ्या वाजवत होते.

वर रॅलीचा तपासनाका होता. तिथल्या गृहस्थांनी नानांची नोंद करायला नकार दिला. गाडीचं तोंड नाशिककडे होतं, म्हणजे नियमानुसार ती परत निघाली होती, असं त्यांचं म्हणणं. सगुणाकाकू तिथे आधीच पोचून बाभळीखाली बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तोंडाचं काय घेऊन बसलात? टायर बगा कुठं हायेत.” गृहस्थांनी टायर बघितले आणि नोंद केली. मग आम्ही सगळ्यांनी काकूंच्या डब्यातली बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. बोडके हवालदारही आले होते. काम संपलं होतं, म्हणून त्यांना दोन्ही बोर्ड उतरवून हवे होते.

दुसऱ्या दिवशी देवस्थळीसाहेबांनी मला बोलावलं. मी मनाची तयारी करून गेलो.

“सुरगाणा नाही,” ते म्हणाले. “मंत्री तुझ्यावर खूश आहेत.”

“थँक यू, सर.”

“त्यांनी आदेश दिला आहे. मोहदरीचा चढ जास्त आहे, हे खात्याच्या इंजिनिअरनंच त्यांना पटवून दिलंय. तो कमी करता येईल का, याचं सर्वेक्षण करायचं. तू.”

तो उन्हाळा आणि त्याच्या पुढचा उन्हाळा मी मोहदरीच्या उघड्या खडकावर काढला. दुर्बिणीतून पट्टी वाचायची, उंची लिहायची, पाच पावलं सरकायचं, पुन्हा वाचायचं. मुलगी रात्री मला ओळखायची नाही, इतका काळा झालो होतो. अहवाल मंत्रालयात पोचला तेव्हा मंत्री बदलले होते. चढ होता तेवढाच राहिला.

नोकरीत एवढं शिकलो. वरिष्ठांनी कारण विचारलं तर जरूर सांगावं. फक्त ते इतकं नीट समजावून सांगू नये, की त्यांना त्यावर उपाय सुचेल.